कर्ज फिटलं, पेव विकलं

सरकारी मूर्खपणाचे किस्से सांगायची वेळ आली की अमेरिकेत एक किस्सा हमखास निघतो. पहिल्या महायुद्धानंतर हवाई जहाजांसाठी, म्हणजे सिगारच्या आकाराच्या त्या अवाढव्य फुग्यांसाठी, सरकारनं हेलियम साठवायला घेतला. फुग्यांचा जमाना गेला, जेट विमानं आली, माणूस चंद्रावर जाऊन आला; तरी टेक्सासमधलं सरकारी खातं जमिनीखाली हेलियम सांभाळतच बसलं. त्यापायी १४० कोटी डॉलरचं कर्ज झालं. शेवटी १९९६ साली अमेरिकी काँग्रेसला शहाणपण सुचलं आणि तिनं साठा विकायला काढला. गोष्ट संपली, टाळ्या.

हा किस्सा रिपब्लिकनांनी सांगितला, डेमोक्रॅटांनीही सांगितला. आपल्याकडचे ‘सरकारनं धंद्यात पडू नये’वाले अजून त्याच्यापर्यंत पोचलेले दिसत नाहीत, पोचले तर त्यांनाही तो फार आवडेल. माझं म्हणणं असं की हा किस्सा नेमका उलटा सांगितला जातो. साठवणं हा त्यातला शहाणपणाचा भाग होता. मूर्खपणा झाला तो विकताना. आणि त्या मूर्खपणाचं बिल ‘मुक्त बाजारा’च्या नावावर फाडणंही चूक आहे, कारण त्या विक्रीत बाजार कुठे नव्हताच. सरकारनं स्वतःच स्वतःला देणं असलेलं कर्ज फेडण्यासाठी एक न भरून येणारी वस्तू कारकुनी भागाकारानं ठरवलेल्या भावात विकली. पुढची सगळी फरपट त्या भागाकारातून आली.

आधी वस्तू समजून घेऊ. हेलियम कारखान्यात बनवता येत नाही. पृथ्वीच्या पोटात युरेनियम, थोरियम यांसारख्या मूलद्रव्यांचा अतिशय मंद गतीनं ऱ्हास होत असतो. त्यात जे अल्फा कण बाहेर पडतात, ती हेलियमचीच केंद्रकं. हा वायू खडकांतून वर सरकतो. वाटेत एखादा अभेद्य खडकाचा घुमट भेटला तर नैसर्गिक वायूच्या संगतीनं तिथे अडकून राहतो. नाही भेटला तर हवेत जातो. हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत जेमतेम पाच भाग, आणि तिथेही तो टिकत नाही. इतक्या हलक्या वायूला पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण धरून ठेवू शकत नाही. तो हळूहळू अवकाशात निघून जातो. ‘ऱ्हास चालूच आहे, म्हणजे हेलियम तयार होतोच आहे’ असं सांगणारे लोक भेटतात. तयार होतो, हे खरंच आहे. फक्त त्यासाठी कोट्यवधी वर्षं थांबावं लागतं. तेवढी रांग लावायची कुणाची तयारी असेल तर प्रश्नच मिटला.

हा वायू कशाशी संयोग पावत नाही, पेटत नाही, आणि सगळ्या पदार्थांत सर्वांत कमी तापमानाला, उणे २६९ अंश सेल्सिअसला, उकळतो. या शेवटच्या गुणावर आपली एमआरआय यंत्रं चालतात. त्यांतलं अतिवाहक चुंबक थंड ठेवायला पारंपरिक यंत्रात हजार-दीड हजार लिटर द्रव हेलियम भरलेला असतो. रॉकेटच्या इंधनटाक्या फुंकून साफ करणं आणि त्यांत दाब राखणं, चिप बनवणं, ऑप्टिकल फायबर ओढणं, अतिशीत भौतिकशास्त्राचे सगळे प्रयोग, ही त्याची आणखी गिऱ्हाइकं. काही ठिकाणी त्याच्या जागी दुसरा वायू चालतो. पण अतिशीत तापमानाला पर्याय नाही. नायट्रोजन उणे १९६ अंशांवर हात टेकतो.

आता खरी मेख. हेलियम हे बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूच्या धंद्यातलं उपउत्पादन आहे. विहीर खणायची की नाही, किती गॅस काढायचा, हे गॅसच्या भावावर ठरतं. गॅसमध्ये असलेला अर्धा, एक, फार तर दोन टक्के हेलियम त्याच वेळी वेगळा काढून ठेवला तर ठेवला. नाहीतर तो लोकांच्या शेगड्यांतून आणि कारखान्यांच्या बॉयलरमधून धुराबरोबर आकाशात जातो. गॅस आज जाळायचा आहे, हेलियमची गरज मात्र तीस वर्षांनी वाढणार आहे. दोन्हींच्या वेळा जुळत नाहीत. मधला काळ कुणीतरी तो सांभाळायला हवा. तीस वर्षं थांबून नफा घेईन म्हणणारा खाजगी व्यापारी क्वचितच सापडतो, कारण तेवढ्या काळात व्याजच त्याला खाऊन टाकतं. हे काम सरकारचंच.

आपल्याकडे धान्याची पेवं असत. जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, आत धान्य भरायचं, तोंड लिंपून टाकायचं. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची अशी पेवं प्रसिद्ध आहेत. अमेरिकेनं केलं ते हेच, फक्त तिचं पेव निसर्गानं आयतं खणून ठेवलं होतं. टेक्सासमध्ये अमारिलो गावाजवळ क्लिफसाइड नावाचं वायुक्षेत्र आहे. तिथे जमिनीखाली तीन हजार फुटांहून खोल बुश डोम हा सच्छिद्र खडकाचा घुमट आहे. १९२५च्या हेलियम कायद्यानं हा कारभार सरकारच्या, म्हणजे ब्युरो ऑफ माइन्सच्या हाती आला. त्या काळी हेलियमवर जवळजवळ अमेरिकेचीच मक्तेदारी होती. जर्मनीच्या ‘हिंडेनबुर्ग’मध्ये पेटणारा हायड्रोजन भरलेला होता, आणि ६ मे १९३७ रोजी ते न्यू जर्सीत पेटलं तेव्हा ३६ माणसं गेली. त्यानंतर जर्मनीला हेलियम विकायची तयारी झाली होती; पण १९३८मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळल्यावर गृहखात्याचे सचिव हॅरल्ड इकिस अडून बसले आणि तो दिला गेला नाही. म्हणजे ‘हा वायू मोक्याचा आहे’ ही समज तेव्हापासूनची.

पण किश्शात ज्याची टवाळी होते तो मोठा साठा फुग्यांच्या काळातला नाहीच. तो १९६० नंतरचा आहे. शीतयुद्ध आणि अवकाशस्पर्धा यांचे ते दिवस. कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास या पट्ट्यातल्या गॅसमध्ये हेलियमचं प्रमाण चांगलं होतं आणि तो गॅस घराघरांत जळून चालला होता. १९६०च्या दुरुस्ती कायद्यानं सरकारनं खाजगी कंपन्यांशी करार केले: गॅसमधून हेलियम वेगळा काढा, आम्ही विकत घेतो. कॅन्ससपासून क्लिफसाइडपर्यंत सव्वाचारशे मैलांची पाइपलाइन टाकली. साधारण ११-१२ डॉलरला हजार घनफूट या भावानं खरेदी सुरू झाली. १९७३मध्ये सरकारनंच हे करार मोडले आणि त्यावरून पुढे वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. मागणीचे अंदाज चुकले होते, खरेदीचे करार ढिसाळ होते, हे मान्य. पण तोवर जो वायू चुलीत गेला असता तो पेवात जमा झाला होता. विसाव्या शतकात नैसर्गिक संपत्तीबाबत जी थोडी दूरदृष्टीची कामं झाली, त्यांत मी हे धरतो.

मग कर्ज कुठून आलं? खरेदीसाठी खात्यानं अमेरिकेच्या तिजोरीकडून, म्हणजे आपल्याच सरकारकडून, सुमारे २५ कोटी डॉलर उचलले होते. कायद्यात लिहिलं होतं की हेलियम विकून ते व्याजासकट फेडावेत. विक्री फारशी होईना, व्याजावर व्याज चढत गेलं, आणि नव्वदीच्या दशकात वहीत आकडा दिसू लागला १४० कोटी. हे देणं बाहेरच्या कुणाला नव्हतं. घरातल्या थोरल्यानं धाकट्याला बियाणासाठी पैसे दिले, ते घरच्याच वहीत उसने म्हणून मांडले, तीस वर्षं त्यावर चक्रवाढ लावली आणि एके दिवशी म्हणाला, कर्ज फार झालं, बियाणं विका. यात घर श्रीमंत होत नाही. पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात आणि बियाणं तेवढं बाहेर जातं.

‘हेलियम प्रायव्हटायझेशन ॲक्ट’ या नावाचा कायदा ऑक्टोबर १९९६मध्ये झाला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन, काँग्रेस रिपब्लिकनांची, आणि सरकार आटोपतं घ्यायची दोन्हीकडे चढाओढ. हेलियमच्या साठ्याला मतदार नव्हते. त्यामुळे काटकसर दाखवायला तो सोयीचा बकरा होता. कायद्यानं सांगितलं की सरकारनं शुद्ध हेलियम बनवणं थांबवावं आणि ६० कोटी घनफूट मागे ठेवून बाकीचा कच्चा साठा १ जानेवारी २०१५पर्यंत विकून टाकावा. याच महिन्यात भौतिकशास्त्राचं नोबेल डेव्हिड ली, डग्लस ऑशरॉफ आणि रॉबर्ट रिचर्डसन या तीन अमेरिकनांना जाहीर झालं. कशासाठी? हेलियम-३ मधल्या अतिप्रवाहितेच्या शोधासाठी. एक हात गळ्यात हार घालत होता, दुसरा गोदामाची किल्ली लिलाववाल्याकडे देत होता.

लिलाववाला म्हटलं खरं, पण लिलावही नव्हता. कायद्यानं भाव ठरवला तो असा: कर्जाचा आकडा घ्या, त्याला साठ्यानं भागा, आणि महागाईप्रमाणे वाढवत जा. १४० कोटी डॉलरला तीस-बत्तीस अब्ज घनफुटांनी भागलं की हजार घनफुटाला साधारण ४३ डॉलर येतात. या भागाकारात एमआरआय नाही, रॉकेट नाही, साठा संपल्यावर काय हा प्रश्न नाही. खाजगीकरणाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा हा असतो की बाजारातल्या किमतीत माहिती असते. टंचाई येऊ घातली की किंमत चढते आणि लोक जपून वापरतात. इथे त्या तत्त्वाचाच गळा घोटला होता. ‘प्रायव्हटायझेशन’ हे नाव असलेल्या कायद्यानं जगातल्या सर्वांत मोठ्या हेलियम साठ्याची किंमत सरकारी सूत्रानं बांधून टाकली. इतका मोठा विक्रेता ठरलेल्या भावानं माल ओततो तेव्हा तोच भाव सगळ्यांचा मापदंड होतो. २०१०च्या दशकाच्या सुरुवातीला जगाचा सुमारे ३० टक्के हेलियम याच एका पेवातून येत होता.

फायदा कुणाचा झाला? कच्चा हेलियम शुद्ध करायचा तर पाइपलाइनला जोडलेली रिफायनरी हवी. अशा रिफायनऱ्या मोजक्या कंपन्यांच्या. बहुतेक सगळा माल त्यांनाच मिळाला. लोकांच्या पैशानं भरलेलं पेव, लोकांच्याच पाइपलाइनीतून, ठरलेल्या भावात. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, हे आपण ज्या प्रसंगांसाठी राखून ठेवलंय त्यांतलाच हा एक.

नुकसान मोजायला जास्त कठीण, कारण ते न झालेल्या गोष्टींचं आहे. वायू स्वस्त असल्यामुळे अनेक प्रयोगशाळांनी तो परत गोळा करायची यंत्रणा बसवली नाही. ती महाग, आणि नवा हेलियम त्याहून परवडणारा. वेल्डिंगसारख्या कामांत आर्गॉनवर भागण्यासारखं असतानाही हेलियम फुंकला गेला. इतर वायुक्षेत्रांत हेलियम वेगळा काढायचे कारखाने उभारायला पुरेसं कारण उरलं नाही. वाढदिवसाच्या फुग्यांवर सगळे चिडतात. रिचर्डसन यांनीही २०१०मध्ये म्हटलं होतं की खरी किंमत लावली तर असा एक फुगा १०० डॉलरला पडायला हवा. पण एकूण वापरात फुग्यांचा वाटा लहान आहे. पोरांच्या हातातल्या फुग्याकडे बोट दाखवून मोठ्यांच्या हातातला कायदा सुटता कामा नये.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं २००० साली म्हटलं होतं की या विक्रीनं मोठा परिणाम होणार नाही. दहा वर्षांनी, २०१०मध्ये, त्याच संस्थेच्या नव्या समितीनं, जिचे एक सहअध्यक्ष रिचर्डसन होते, उलट निष्कर्ष काढला: विक्रीचा वेग आणि भाव दोन्ही घातक आहेत, नव्यानं विचार करा. विचार झाला तो मात्र आग अंगणात आल्यावर. कारण १९९६च्या कायद्यात आणखी एक गंमत दडली होती: कर्ज फिटलं की खात्याचा निधीही संपणार. २०१३मध्ये विक्री अपेक्षेहून जोरात झाल्यानं कर्ज लवकर फिटलं. म्हणजे पेवात वायू शिल्लक, बाहेर गिऱ्हाईक उभं, आणि दुकान बंद करायचं कारण काय, तर उधारी संपली! जगाचा तीस टक्के पुरवठा ऑक्टोबरपासून एकदम थांबायची वेळ आली. शेवटच्या क्षणी काँग्रेसनं ‘हेलियम स्टुअर्डशिप ॲक्ट’ केला. स्टुअर्डशिप म्हणजे विश्वस्तपणे सांभाळणं. या कायद्यानं विश्वस्तपणे काय केलं, तर सगळं विकून टाकायची नवी तारीख दिली.

एक मात्र बरं झालं. या कायद्यानं लिलाव आणले, त्यामुळे खरी किंमत अखेर दिसली. ऑगस्ट २०१८च्या शेवटच्या लिलावात हजार घनफुटाला सरासरी सुमारे २८० डॉलर भाव आला, आणि सगळा माल एअर प्रॉडक्ट्स या एकाच कंपनीनं उचलला. महागाईची वजाबाकी केली तरी हा आकडा १९९६च्या सूत्राच्या चौपटीच्या घरात जातो. म्हणजे दरम्यानची वर्षं अमेरिकी करदाता कंपन्यांना आणि जगभरच्या उधळ्या गिऱ्हाइकांना जी सूट देत होता, तिचा हा अंदाज. जून २०२४मध्ये उरलेला वायू, घुमट, पाइपलाइन असं सगळं मेसर या मूळच्या जर्मन कंपनीच्या अमेरिकी शाखेला सुमारे ४६ कोटी डॉलरला विकलं गेलं. विक्री पुढे ढकला म्हणून सरकारला सांगणाऱ्यांत कोण होतं? वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्यांची संघटना आणि खुद्द औद्योगिक वायू कंपन्यांची संघटना. व्यापारी ‘थांबा’ म्हणतात आणि सरकार ‘तारीख ठरलीय’ म्हणतं, हे दृश्य दुर्मीळ खरं.

दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा टाळून चालणार नाही. जग थांबलं का? नाही. कतारचे कारखाने आले आणि जगाचा साधारण तीस टक्के हेलियम तिथून येऊ लागला. रशियानं आमूरमध्ये प्रचंड प्रकल्प उभा केला. टांझानियात नवे साठे सापडले. भाव चढला की माणूस शोधतो, हे बाजारवाल्यांचं म्हणणं इथे खरं ठरलं. मला त्यात आनंदच आहे. पण मग भाव वीस वर्षं दाबून का ठेवला, याचं उत्तर त्यांनीच द्यावं. आणि साठा म्हणजे नुसता माल नसतो, ती वेळ असते. जून २०१७मध्ये शेजारी देशांनी कतारची कोंडी केली तेव्हा तिथले हेलियम कारखाने काही आठवडे बंद पडले. आमूरच्या प्रकल्पात ऑक्टोबर २०२१मध्ये आग लागली, जानेवारी २०२२मध्ये स्फोट झाला. त्याच जानेवारीत क्लिफसाइडचं सरकारी युनिटही बंद होतं. विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांना हेलियम मापून मिळू लागला. द्रव हेलियम टाकीत भरून वर्षानुवर्षं ठेवता येत नाही. तो काही आठवड्यांत उकळून जातो. अशा वस्तूचा खरा साठा जमिनीखालीच होतो, आणि तसा मोठा सार्वजनिक साठा जगात एकच होता. २०२२ साली, ऐन टंचाईत, अमेरिकेनं हेलियम आपल्या ‘कळीच्या खनिजां’च्या यादीतूनही वगळला.

यात आपलं काय जातं? भारत जवळजवळ सगळा हेलियम आयात करतो. बंगालमधल्या बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांतून हेलियम निघतो हे आपल्या शास्त्रज्ञांनी दाखवून अनेक दशकं झाली, पण त्यावर देशाची गरज भागत नाही. पुण्यातल्या किंवा लातूरच्या एखाद्या रुग्णालयातलं एमआरआय दुरुस्तीनंतर पुन्हा भरायचं झालं, तर त्याचा भाव कतार आणि अमेरिका ठरवतात. आपल्याला हेलियमचा अभिमान मात्र भरपूर. दर १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा होतो आणि नॉर्मन लॉकियर यांनी १८६८मध्ये तिथूनच हेलियम शोधला असं सांगितलं जातं. त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडात होते. गुंटूरहून ग्रहण पाहणारे होते फ्रान्सचे जान्सेन. लॉकियर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी, म्हणजे रॅमसेनी पृथ्वीवर हेलियम सापडवल्यानंतर तीन वर्षांनी. किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे जरूर जपावेत. पण चुकीच्या सालावर समारंभ करण्यापेक्षा, किती रुग्णालयं आणि प्रयोगशाळा उकळलेला हेलियम परत गोळा करतात याची मोजदाद त्या दिवशी केली तर तो दिवस सत्कारणी लागेल.

अमेरिकेच्या गोष्टीतला धडा फक्त हेलियमचा नाही. आपणही विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूरला खडकांत गुहा खोदून ५३ लाख टन कच्चं तेल मावेल अशी सोय केली आहे. उद्या कुणीतरी हुशार माणूस त्या साठ्यावर बसलेल्या पैशाचं व्याज काढेल, आकडा वर्तमानपत्रात छापेल आणि विचारेल, हा पांढरा हत्ती कशाला? त्या वेळी त्याला तीन प्रश्न विचारावेत. हे कर्ज देणं कुणाला आहे? विकून टाकलेली वस्तू पुन्हा आणायची तर काय भावानं येईल? आणि विक्रीचा भाव त्या दुसऱ्या उत्तरावरून ठरणार आहे की पहिल्या? १९९६मध्ये हे तीन प्रश्न अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये कुणी लावून धरले असते तर कर्ज एका ठरावानं माफ झालं असतं, लिलाव सतरा वर्षं आधी सुरू झाले असते, आणि साठ्याचा एक मोठा भाग आजही बुश डोममध्ये लोकांच्या मालकीचा राहिला असता.

साठा सांभाळायला खर्च येतो, आणि तो खर्च दरवर्षी वहीत दिसतो. साठा नसल्याचा खर्च एकदम येतो, आणि येतो तेव्हा विक्रीच्या ठरावावर सही करणारे सगळे निवृत्त झालेले असतात. तेव्हा पेव रिकामं करण्याला काटकसर म्हणणाऱ्याला आधी पुढच्या पेरणीचं विचारा.